घुबडाचा हॅलोवीन कॉस्च्युम घरच्या घरी, तोही गरम हूडीवर

न्यू जर्सी घ्या नाहीतर शिकागो, 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी बाहेर चांगलीच थंडी पडते आणि दुकानातले कॉस्च्युम असतात पातळ चकचकीत कापडाचे, मग पोरं बाहेर पडली की पाच मिनिटांत आपण वरून जाकीट चढवतो आणि महिनाभर ज्याची वाट बघितली ती परी नाहीतर तो सुपरहिरो जाकिटाखाली गायब. म्हणून तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी काही घरी करायचं असेल तर सरळ गरम कपड्याचाच कॉस्च्युम करा. घुबड त्यासाठी एकदम मस्त, शिलाई मशीन लागत नाही आणि मुखवटा पण नाही (बऱ्याच शाळांच्या परेडला मुखवटा चालत नाही). आजी-आजोबा इंडियातून आलेले असतील तर "घुबड कशाला, अपशकुनी" असं होऊ शकतं, त्यांना सांगा लक्ष्मीचं वाहन आहे, दिवाळीही याच सुमाराला असते.

सामान: चेनवाली हूडी, करड्या किंवा चॉकलेटी रंगाची, नेहमीपेक्षा एक साइज मोठी, म्हणजे आत थर्मल मावतं. चेन हवीच, कारण बाथरूमला जाताना डोक्यातून काढायचा कपडा म्हणजे ऐनवेळी रडारड. अर्धा यार्ड फ्लीस (मऊ, गरम कापड) पंखांसाठी, आणखी दोन रंगांचं पाव-पाव यार्ड पिसांसाठी, पांढरं-पिवळं-काळं-केशरी फेल्ट (नमद्यासारखं कापड), ग्लू गन, सुईदोरा, थोडं इलॅस्टिक. जोअ‍ॅनची कापड-हस्तकलेची दुकानं 2025 मध्ये बंद झाली, आता मायकल्स, हॉबी लॉबी नाहीतर वॉलमार्टला बघा. जुनी साडी, ओढणी वापरायचा मोह होतो पण तिचे धागे सुटतात, प्रत्येक कडेला टीप मारत बसावं लागेल, फ्लीस कापलं की कापलं, काही करावं लागत नाही.

आता पंख. मुलाला हात पसरून उभं करा आणि एका मनगटापासून दुसऱ्या मनगटापर्यंत पाठीवरून माप घ्या, चार वर्षांच्या मुलाचं साधारण 34 इंच येतं. फ्लीसचा तेवढ्या व्यासाचा अर्धगोल कापा, सरळ बाजू हातांवर येणार आणि गोल बाजू मांडीपर्यंत लोंबणार. यापेक्षा लांब करू नका, पायऱ्या चढताना पायात येतं.

पिसं एकेक कापत बसू नका, रात्र जाईल. तीन इंच रुंदीच्या लांब पट्ट्या कापा, पट्टीच्या एका कडेवर छोटी वाटी अर्धी टेकवून खडूने ओळीने अर्धगोल काढत जा आणि त्या रेषेवरून कात्री फिरवा, वरची कड अखंड राहू द्या. मग चिकटवायला सुरुवात खालून करायची, कौलं घालतात तशी, प्रत्येक वरची पट्टी खालच्या पट्टीवर इंचभर चढली पाहिजे, रंग आलटून पालटून. साधारण आठ ओळी बसतात. ग्लू फक्त पट्टीच्या वरच्या कडेला लावा, पिसांची टोकं सुटी राहिली तरच मूल पळताना ती हलतात आणि सगळी मजा त्या हलण्यातच आहे! बाजूला जास्तीचं आलं ते शेवटी गोलाईप्रमाणे छाटून टाका. ग्लू गनचं काम मुलं झोपल्यावरच.

हूडीला पंख मात्र ग्लूने लावू नका, हूडीचं कापड ताणलं जातं आणि ग्लू सुटतो. मानेमागे, दोन्ही खांद्यांवर आणि कोपरांवर हाताने चार-चार घट्ट टाके घाला, मनगटापाशी टाके न घालता पंखाच्या टोकाला इलॅस्टिकचं सैल कडं शिवा, म्हणजे कँडीची पिशवी धरताना, हात धुताना मूल ते स्वतः काढू शकतं.

चेहरा सगळा हूडवर. हूड मुलाच्या डोक्यावर चढवूनच डोळ्यांची जागा खडूने मार्क करा, टेबलावर ठेवून लावलेले डोळे घातल्यावर कपाळाच्या मागे जातात. पांढरा गोल तीन इंचाचा, त्यावर पिवळा दोन इंचाचा, त्यावर काळा एक इंचाचा, दोन डोळ्यांच्या मध्ये हूडच्या कडेवर केशरी चोच. कानासारखे तुरे दुहेरी फेल्टचे करा नाहीतर वाकतात. मोठ्या साइजचा हूड पुढे सरकून डोळ्यांवर येतो, त्यासाठी मागच्या बाजूला एक चुणी घेऊन टाके मारा. इंडियातून आणलेल्या किंवा कुठल्याही हूडीच्या गळ्याला नाडी असेल तर ती ओढून काढून टाका, ती कुठेही अडकून गळ्याला फास बसू शकतो.

उजेडाचं विसरू नका. घड्याळं तासभर मागे जातात नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे हॅलोवीननंतर, त्यामुळे 31 तारखेला सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि ट्रिक ऑर ट्रीट (घरोघरी कँडी मागत फिरणं) अर्धं अंधारातच होतं, करडं घुबड गाडीवाल्याला दिसणार कसं? पाठीवर पंखांच्या खालच्या कडेला आणि पिशवीवर रिफ्लेक्टिव्ह टेप लावा, हातात छोटा टॉर्च द्या. आणि लोकांच्या पायऱ्यांवर भोपळ्यात खरी मेणबत्ती असते, आपल्या दारात दिवाळीच्या पणत्या असतात, फ्लीसचे पंख त्यावरून फिरायला नकोत, आपल्या दारात तरी बॅटरीवाले दिवे लावा आणि मुलाला दिव्यापासून हातभर लांब राहायला शिकवा.

दोन-तीन दिवस आधी घरात तासभर घालून खेळू द्या. काय टोचतं, काय ओढलं जातं ते तेव्हाच कळतं, बहुतेक वेळा मानेपाशी वाळलेला ग्लू टोचतो, तिथे आतून कापडाचा तुकडा शिवून टाका. चोचीऐवजी नाकावर रंग लावायचा असेल तर आदल्या दिवशी हातावर थोडा लावून बघा. गाडीने जाणार असाल तर कार सीटचे पट्टे पंखांच्या खालून, थेट हूडीवर घट्ट बसले पाहिजेत.

मशीनमध्ये धुवू नका, ग्लू सुटेल. हॅलोवीन झालं की टाके उसवून पंख बाजूला काढा, हूडी थंडीभर शाळेत घालता येते, डोळ्यांसकट घालायचा हट्ट केला तर घालू द्या.