खाऱ्या हवेत टेडी शिवताना

टेडी शिवायला शिकायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, मशीन कोणतं घेऊ? मशीन नसलं तरी काही अडत नाही. 30 सेंटिमीटर उंचीचा, मान आणि हातपाय फिरणारा टेडी पूर्ण हाताने शिवता येतो. शिवणापेक्षा कितीतरी जास्त वेळ भरायला, सांधे बसवायला आणि चेहरा करायला लागतो. रोज दोन तास दिले तर पहिला टेडी तीन-चार आठवडे खातो, आणि तेवढा वेळ त्याला द्यावाच. आयटीआयचा किंवा गावातल्या बाईंचा शिवणक्लास केलेला असेल तर टाके आणि कापणी येते. भरणं आणि सांधणं मात्र तिथे शिकवत नाहीत.

मालवण, वेंगुर्ला, रत्नागिरी अशा किनाऱ्यावरच्या गावात राहत असाल तर या कामात हवेचा विचार आधी करायचा. परदेशी पुस्तकांतल्या सूचना कोरड्या, थंड घरांसाठी लिहिलेल्या असतात. इथे जुलैत लावलेली टाचणी रात्रभर कापडात राहिली की सकाळी तांबूस डाग पडलेला असतो, आणि मोहेरवरचा, म्हणजे टेडीच्या लवेच्या कापडावरचा, गंजाचा डाग जात नाही. म्हणून वर्षाची आखणी हवामानावर करा. कापणी, भरणं आणि पोट शिवून बंद करणं ही कामं नोव्हेंबर ते मे. पावसाळ्यात फरमे काढा, कान आणि तळवे शिवा, छोटे कपडे करा. ओलसर भरण आत ठेवून टेडी बंद केला की लवेच्या मागचं सुती कापड आतून कुबटतं, आणि बाहेरून ते कळेपर्यंत बुरशी धरलेली असते. अडचण अशी की चाकरमानी गणपतीला येतात, मागणी तेव्हाच असते, नि तो काळ नेमका पावसाच्या शेपटाला. म्हणून गणपतीचे टेडी मे संपायच्या आत बंद झालेले हवेत. पावसात करायची वेळ आलीच तर कापड आणि भरण दोन दिवस हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि मगच हात लावा.

पारंपरिक टेडी मोहेरचा. मोहेर म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांची लव, सुती विणीच्या पाठीवर बसवलेली. लव साधारण 6 ते 25 मिलिमीटर लांबीची मिळते. नवख्याने 9 ते 12ची घ्यावी. जास्त लांब लवेत शिवण झाकली जाते खरी, पण नाकाडाची ठेवणही झाकली जाते. 50 बाय 70 सेंटिमीटरच्या तुकड्यात 30 सेंटिमीटरचा एक टेडी होतो. मोहेर परदेशातून मागवावं लागतं आणि महाग पडतं, त्यामुळे पहिला टेडी जाड सुती कापडाचा, सांध्यांशिवाय करा. दुसरा नकली फरचा, सांध्यांसह. मोहेर तिसऱ्याला.

नकली फर मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटच्या भागात मिळते. घेताना पाठ दोन्ही दिशांना ओढून बघा. होजियरीसारखी ताणणारी पाठ भरताना सैल होत जाते, टेडीचं पोट सुटतं आणि दोन पाय दोन जाडीचे होतात. अशा फरला मागून पातळ सुती अस्तर टाचून मग कापा. इस्त्रीने चिकटणारं बकरम लावायचं असेल तर आधी कोपऱ्यावर करून पाहा. नकली फर उष्णतेने गुठळते, नि गुठळलेली लव परत सुटत नाही.

पाच सांध्यांच्या टेडीचे 21 तुकडे होतात: डोक्याच्या दोन बाजू, त्यांच्या मधली पट्टी, कानांचे चार, पोटाचे दोन, हातांचे चार, पायांचे चार, आणि हातापायांचे मिळून चार तळवे. फरमा पुठ्ठ्यावर काढा, प्रत्येकावर लवेच्या दिशेचा बाण करा आणि कापडाच्या उलट बाजूने आखा. डावा आखला की फरमा उलटा करून उजवा आखायचा. दोन डावे हात कापून बसणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे, नि ती कळते कापड संपल्यावर. कात्री लहान आणि टोकाला धारदार घ्या. तिचं खालचं टोक पाठीला घासत पुढे सरकवा, म्हणजे फक्त विणीचं कापड कापलं जातं आणि लव अख्खी राहते. दुमडून, दोन पदरी कापू नका. कापताना पंखा बंद आणि नाकाला मास्क. मे महिन्यात पंख्याशिवाय बसवत नाही, तेव्हा कापणी सकाळी सहा ते आठमध्ये उरकावी. उजेडही तेव्हा चांगला असतो.

शिवताना शिवणीबाहेर 6 मिलिमीटर कापड, म्हणजे माया, सोडा. आधी कच्चा दोरा घाला, आणि तो घालतानाच बाहेर आलेली लव सुईच्या टोकाने आत लोटत चला. मग दुहेरी दोऱ्याने बारीक बखया, 2 मिलिमीटरचा. डोक्याची मधली पट्टी नाकाच्या मध्यापासून सुरू करून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे टाचायची. एका बाजूने सुरुवात करून गोल फिरत आलात तर कापड हळूहळू ताणत जातं आणि टेडीची मान कायमची वाकडी दिसते. हे भरून सुधारत नाही, उसवावंच लागतं.

भरण काय वापरावं यावर आमचं मत पक्कं आहे: किनाऱ्यावर पॉलिस्टरचं, बाजारात रेक्रॉन म्हणून मिळतं ते. जुने युरोपी टेडी लाकडाच्या धाग्यासारख्या किसाने भरत. ते इथे ओल धरतं. काथ्या फुकटात मिळतो म्हणून मोह होतो, पण तो कापडातून टोचतो आणि दमट झाला की तांबडा रंग सोडतो. सावरीचा कापूस हलका आणि मऊ. पोटात थोडा चालेल, डोक्यात नको, कारण तो दाबून घट्ट राहत नाही आणि कालांतराने त्याचा चुरा होतो. वजनासाठी काचेचे बारीक मणी सुती पुरचुंडीत बांधून पोटात घाला, 30 सेंटिमीटरच्या टेडीला 100 ग्रॅम पुष्कळ होतात. जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या बंदरावर सहज मिळतात. त्या कधीही वापरू नका, शिसं विषारी आहे.

डोकं भरणं हे खरं कसब. पेन्सिलीएवढी कळकाची काठी घ्या, टोकाला छोटी खाच पाडा आणि पॉलिश कागदाने घासून गुळगुळीत करा. भरण चिमटीत येईल एवढंच घ्यायचं, खाचेत अडकवून थेट नाकाच्या टोकाशी नेऊन दाबायचं. नाकाड बोटाने दाबल्यावर आत जाता कामा नये, कारण पुढे तिथेच भरतकाम करायचं असतं. मोठा गोळा एकदम कोंबला की दोन गोळ्यांमध्ये पोकळी राहते आणि गाल खड्ड्यासारखा बसतो. डोकं एका बैठकीत भरू नका, अंगठ्याच्या मुळाशी दुखणं सुरू होतं आणि मग महिनाभर सुई धरवत नाही.

सांध्यासाठी प्रत्येकी दोन चकत्या, दोन वॉशर आणि एक दुपायी खिळा लागतो, ज्याला कॉटर पिन म्हणतात. पाच सांध्यांना दहा चकत्या. डोकं आणि पायांना 35 ते 40 मिलिमीटर व्यासाच्या, हातांना 30च्या. बाजारातल्या हार्डबोर्डच्या चकत्या इथे फुगतात आणि वाकतात. मरीन प्लायच्या 4 मिलिमीटर जाडीच्या चकत्या सुताराकडून कापून घ्या, होड्यांमुळे हा प्लाय किनाऱ्यावर मिळतो. पिना स्टेनलेस स्टीलच्याच. साधी पिन पाच-सहा पावसाळ्यांत गंजते आणि डाग आतून बाहेर येतो. भोक कात्रीने पाडू नका, मोच्याच्या आरीसारख्या टोच्याने विणीचे धागे बाजूला सारा. कापलेलं भोक पुढे फाटत जातं. पिन हाताच्या आतून बाहेर काढून पोटात घाला, आत चकती आणि वॉशर चढवा, मग लांब नाकाच्या पकडीने पिनचा एक पाय ओढत बाहेरच्या बाजूला गुंडाळत खाली चकतीवर दाबा, तसाच दुसरा. वरून पाहिलं तर मेंढ्याच्या शिंगांसारखं दिसतं. हात जोर लावून फिरेल इतकं घट्ट हवं. भरण दबलं की सांधा थोडा सैल होतोच, आणि सुरुवातीलाच सैल असलेला हात वर्षभरात लोंबायला लागतो.

डोळे लावण्याआधी काळ्या डोक्याच्या टाचण्या टोचून जागा ठरवा आणि एक रात्र तसंच ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. अशा टाचण्या गंज न धरणाऱ्याच हव्यात. काचेचे डोळे मेणाच्या दोऱ्याने बांधतात. तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, मजबूत असते पण तिची गाठ सरकते, आणि ताणली की ती मोहेरची पाठ कापते. सुई 12-15 सेंटिमीटर लांब आणि गोल टोकाची. दाभण जाड पडतं. लहान मुलासाठी टेडी असेल तर काच नको. मागून चकती बसणारे प्लास्टिकचे डोळे डोकं भरण्याआधी लावावे लागतात, हे विसरलं की डोकं रिकामं करायची पाळी. तीन वर्षांखालच्या बाळासाठी डोळे दोऱ्यानेच भरा.

नाकासाठी तिथली लव कापून घ्या, 25 मिलिमीटर रुंद फेल्टचा त्रिकोण ठेवा आणि त्यावरून पर्ल धाग्याने, म्हणजे भरतकामाच्या पिळदार सुती धाग्याने, उभे टाके घाला. पहिला टाका मध्यावर, मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. वरची कड सुईने चाचपून एकाच रेषेत ठेवा. ओढून घट्ट केलेला टाका खाली बुडतो आणि नाक खाचेखाचेचं दिसतं. शेवटी तोंडाची रेघ, उलट्या वाय अक्षरासारखी. तिच्या दोन पायांचा कोन जरा बदलला की टेडी खुशीत दिसतो किंवा रुसलेला.

या कामातल्या माणसांचे छंदही त्याच्याच आसपासचे असतात. कुणी बोटाएवढे टेडी करतं, कुणी जुने दुरुस्त करतं, कुणी कोळी रुमाल आणि नऊवारीची लहान कापडं शिवतं. आमचा आग्रह एकच, आपलं अस्वल बघा. 1902 साली अमेरिकेत अध्यक्ष थिओडोर ऊर्फ ‘टेडी’ रूझवेल्ट यांच्या अस्वलाच्या शिकारीवरचं क्लिफर्ड बेरीमन यांचं व्यंगचित्र छापून आलं आणि टेडी हे नाव रूढ झालं. जर्मनीत श्टाइफ कंपनीने त्याच सुमारास सांध्यांचं अस्वल केलं. त्या टेडींची पाठीवरची मदार आणि लांब हात खऱ्या अस्वलावरून आलेले. सह्याद्रीतल्या अस्वलाचं नाकाड लांब आणि फिकट, केस काळे आणि झिपरे, छातीवर पांढरी व्ही अक्षरासारखी खूण. 25 मिलिमीटरच्या काळ्या लवेत ते सुरेख होतं, फक्त नाकाड आखूड लवेचं वेगळं कापून जोडा.

विक्रीला उतरण्याआधी नियम समजून घ्या. 1 जानेवारी 2021पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. त्यासाठी या नोंदणीचं पहचान कार्ड काढा. ‘फक्त संग्रहासाठी’ अशी नुसती चिठ्ठी लावून भागत नाही, कारण मुलं उघडच खेळतील अशी वस्तू खेळणंच धरली जाते.

तयार टेडी स्वयंपाकघरापासून दूर ठेवा. सुकटीचा आणि चुलीच्या धुराचा वास मोहेर धरून ठेवतं. कसर लागली तर टेडी पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवायचा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर हवेतली दमट वाफ सगळी लवेवर बसते.