फिटच्या गोळ्यांनी हात थरथरतात? आधी कंप ओळखा

कपबशी उचलली की खडखडते, सही दरवेळी वेगळी येते, सुई ओवता येत नाही. व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध घेणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. डोस वाढला की हा कंप सहसा वाढतो, उतरवला की कमी होतो. पण म्हणून गोळी स्वतःच बंद करू नका. ती एकदम सोडली तर लागोपाठ फिट येऊन जिवावर बेतू शकतं.

आधी दोन्ही हात समोर ताणून, बोटं फाकवून १० सेकंद धरा. मग मांडीवर सैल सोडा. ताणल्यावर थरथर आणि मांडीवर शांत, तर बहुधा तो औषधाचा नेहमीचा कंप. मांडीवरही हात हलतोय, चाल मंदावलीय, तर व्हॅल्प्रोएटमुळे पार्किन्सनसारखी अवस्था आलेली असू शकते. घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात, तिथेच चुकतं. झोक जातोय, एकाचे दोन दिसताहेत, विशेषतः फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिन ही फिटची औषधं चालू असताना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. गुंगी, उलट्या, असंबद्ध बोलणं असेल तर थेट दवाखान्यात जा. व्हॅल्प्रोएटमुळे रक्तात अमोनिया वाढलेला असू शकतो.

आता नोंद. कोऱ्या कागदावर, मनगट न टेकवता, चकलीसारखी आतून बाहेर गोल रेघ काढा. खाली तारीख, वेळ, शेवटची गोळी किती वाजता घेतली ते लिहा. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच पेनाने. ‘हात जरा हलतो’ या वाक्यापेक्षा अशा चार चकल्यांवरून डॉक्टरांना जास्त कळतं.

औषधाची रक्तातली पातळी सकाळची गोळी घेण्याआधी तपासा. गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा फुगून येतो. व्हॅल्प्रोएटची नेहमीची मर्यादा ५० ते १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलि. पण तिच्या आतही कंप येऊ शकतो. सोबत थायरॉइड तपासून घ्या. दम्याचं साल्ब्युटामॉल, मनोविकारावरचं लिथियम, फिटचंच लॅमोट्रिजिन चालू असेल तर तेही सांगा, कारण तीही कंपात भर घालतात.

डॉक्टर डोस उतरवतील, हळूहळू सुटणारी गोळी देतील किंवा औषध बदलतील. कंप कमी करणाऱ्या प्रोप्रॅनोलॉल या औषधानेही फरक पडतो, मात्र दमेकऱ्यांना ते चालत नाही. हळू सुटणारी गोळी कुटून देऊ नका, सगळं औषध एकदम सुटतं.

तोवर कप अर्धाच भरा, कोपर टेबलावर टेकवा, बशीला सुट्टी द्या. चहा-कॉफीही जरा आवरा.