रॉकचा नवा अल्बम सुचवताय? सोबत एक चित्र पण पाठवा

नुसती लिंक टाकून 'भारी आहे, ऐक' म्हटलं की समोरचा अंगठ्याचा इमोजी टाकून मोकळा होतो, ऐकत कोणीच नाही. म्हणून गाण्याबरोबर एक चित्र पाठवायचं आणि कान कुठे द्यायचा, नजर कुठे ठेवायची ते दोन ओळीत लिहायचं. एका वेळी एकच गाणं, बारा गाण्यांची प्लेलिस्ट अजिबात नको.

सुरुवात कव्हरपासूनच करा, ते सगळ्यात सोपं. द क्युअर या बँडचा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' घ्या, नोव्हेंबर २०२४ चा, आधीच्या स्टुडिओ अल्बमनंतर तब्बल १६ वर्षांनी आलेला. कव्हरवर काळ्या अंधारात दगडाचं एक डोकं तरंगतंय, ते यानेझ पिरनाट या स्लोव्हेनियन शिल्पकाराचं १९७५ सालचं 'बगाटेल'. चेहरा पुरता कोरलेला नाहीये, त्यामुळे माणूस दगडातून बाहेर येतोय का परत दगडात चाललाय तेच कळत नाही, आणि मला तर अख्खा अल्बम तिथेच सापडतो. पहिलंच गाणं 'अलोन', त्यात गायक रॉबर्ट स्मिथचा आवाज तीन मिनिटं उलटून गेल्यावर येतो. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर लोक गाणं पुढे ढकलतात, 'आवाज येईपर्यंत फक्त ते डोकं बघत बस' एवढं लिहिलं तरी पुरे.

डब्लिनच्या फाँटेन्स डीसी या बँडचा 'रोमान्स' पण २०२४ चाच, कव्हर लुलू लिन या तैवानच्या चित्रकर्तीचं, हृदयाच्या आकाराचा रडवेला चेहरा. यासोबत त्यातलंच 'स्टारबर्स्टर' द्या, ते पॅनिक अटॅकवरून सुचलेलं गाणं आहे, त्यात गायक मध्येच धाप लागल्यासारखा श्वास ओढतो ना, तो ऐकून परत चेहरा बघायला सांगा.

हात बसला की स्वतः जोड्या लावा, खरी मजा त्यातच. फक्त विषय जुळवू नका, समुद्राच्या गाण्याला समुद्राचं चित्र वगैरे, त्याने काहीच हाती लागत नाही. काम कसं केलंय ते जुळवा. माझी सगळ्यात आवडती जोडी म्हणजे स्लोडाइव्ह या बँडचा २०२३ चा 'एव्हरीथिंग इज अलाइव्ह' आणि आपले नागपुरात जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे. गायतोंडे रोलरने रंगाचे थर चढवायचे, पॅलेट नाइफने, म्हणजे रंगकामाच्या सुरीने, खरवडायचे, परत चढवायचे, म्हणून खालचा रंग वरच्यातून झिरपल्यासारखा दिसतो, आणि स्लोडाइव्हची गिटार पण अशीच थरावर थर, वेगळी काढायला गेलात तर सापडायची नाही. त्या अल्बममधलं 'शँटी' लावा, हेडफोनवरच, आणि गायतोंडेंचं चित्र फुल स्क्रीन.

आणि हो, चित्रकाराचं नाव आणि साल लिहायला विसरू नका. बँडचं नाव सगळे लिहितात, चित्रकाराचं राहून जातं, आणि मग ज्याला चित्र आवडलं त्याने पुढे शोधायचं तरी कसं?