सीरतच्या जलशासाठी मुलांना मराठी भाषण लिहून देताना

रबीउलअव्वल, म्हणजे पैगंबरांच्या जन्माचा महिना, जवळ आला की कोकणात राजापूरपासून श्रीवर्धनपर्यंत मोहल्ल्यामोहल्ल्यांत सीरतच्या, म्हणजे पैगंबरांच्या चरित्रावरच्या, जलशाची तयारी सुरू होते. भाषण मराठीत लिहायचं असेल तर ‘दयाळू, क्षमाशील, प्रामाणिक’ अशी विशेषणांची माळ ओवू नका. एकच गुण आणि एकच प्रसंग घ्या. पाचशे-सहाशे शब्द पुरतात. शाळकरी पोर सावकाश बोललं तरी सहा-सात मिनिटांत आटपतं.

अमानत, म्हणजे विश्वासाने सोपवलेलं जपणं, हा गुण कोकणात समजावत बसावं लागत नाही. कर्ता माणूस आखातात, आणि घराची चावी शेजाऱ्याकडे. म्हणून 622 मधला हिजरतीचा, म्हणजे मक्का सोडून मदिनेला जाण्याचा, प्रसंग घ्यावा. मक्केचे लोक आपल्या ठेवी हजरत मुहम्मद (सल्ल.) यांच्याकडे विश्वासाने ठेवत. तिथल्याच सरदारांनी त्यांच्या जिवावर उठण्याचा बेत केला, तेव्हा मदिनेला निघताना पैगंबरांनी आपले चुलतभाऊ हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवलं. अली तीन दिवस थांबले, ज्याची ठेव त्याला पोचती केली आणि मगच निघाले. इब्न हिशाम यांनी जपलेल्या इब्न इसहाक यांच्या सीरतमध्ये, या जुन्या चरित्रग्रंथात, हे आहे. प्रसंग इथेच सोडा, खाली तात्पर्य जोडू नका.

पैगंबरांच्या अंगावर रोज कचरा टाकणाऱ्या म्हातारीची गोष्ट दरवर्षी कुणीतरी सांगतंच. हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या, प्रमाण संग्रहांत ती नाही, तेव्हा गाळा. त्याऐवजी बुखारी या हदीससंग्रहातल्या ‘जनाइज’ (अंत्यविधी) प्रकरणातली हदीस घ्या: जनाजा जाताना पैगंबर उठून उभे राहिले; हा तर ज्यू माणसाचा, असं सांगितल्यावर म्हणाले, ‘तो जीव नव्हता का?’ हदीसचे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून वहीत प्रकरणाचं नावही टिपून ठेवा.

आधुनिक चरित्रं वाचा, पण उतारे उचलताना जपून. सर सय्यद अहमद खान (1870), सय्यद अमीर अली, पुढे इजिप्तचे हैकल (1935), हे बरंचसं युरोपीय टीकाकारांना उत्तर देत लिहीत होते. त्यांचा परिच्छेद तसाच उतरवला की भाषणाला वकिली सूर लागतो, आणि पुढच्या रांगेतल्या सरपंचांना, शाळेच्या गुरुजींना कळत नाही की भांडण नेमकं कुणाशी चाललंय. प्रसंग घ्या, युक्तिवाद तिथेच राहू द्या.

मसुदा मौलानांना दाखवा, भाषेसाठी मराठीच्या बाईंना. आणि मुलाच्या हातातल्या प्रतीत ‘सल्ल.’ हे दुआवचन संक्षेपात लिहू नका. घाबरलेलं पोर माइकवर तेवढंच वाचतं. ‘सल्लल्लाहु अलैहि व सल्लम’ प्रत्येक ठिकाणी पूर्ण लिहा, ‘रजि.’च्या जागीही ‘रजियल्लाहु अन्हु’.