‘नको’ म्हणणाऱ्या घरात कसं बसावं

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडच्या एका गावात मी तीस वर्षं अंगणवाडी चालवली. आमच्याकडं अंगणवाडीच्या बाईला टीचर म्हणतात. पोरं मराठी, रजिस्टरं कन्नड, असं ते काम. आता घरी आहे. नव्यानं लागलेल्या मुली अजून विचारायला येतात, "टीचर, त्या घरात बाळाला लशीचा पुढचा डोस नको म्हणतात, काय करू?" त्यांना पडवीत बसून सांगते तेच इथं लिहिते. तुमच्या घरातलं वडीलधारं माणूस दवाखान्याला नको म्हणत असेल, नाहीतर नातीच्या कॉलेजला नको म्हणत असेल, तरी ही रीत उपयोगी पडेल.

पहिलं सांगणं हे, की ‘नको’ला लगेच उत्तर देऊ नका. मी कितीतरी वर्षं देत होते. पिशवीतून तक्ता काढायचा आणि घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ‘ब’ कावीळ अशी नावं वाचायची. समोरची बाई "व्हय टीचर, व्हय टीचर" म्हणायची आणि डोसाच्या दिवशी दाराला कडी. माझं सगळं खरं होतं, पण ती ज्याला घाबरत होती ते माझ्या तक्त्यात कुठंच नव्हतं.

एक घर सांगते. नातवाला दीड महिन्याचा डोस झाला, मांडी सुजली, रात्री अंग तापलं. आज्जीनं जाहीर केलं, आता अडीच महिन्यांचा नको आणि साडेतीन महिन्यांचाही नको. मी दोनदा समजावून परत आले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ती सुपात तांदूळ निवडत होती. मी ताट मागून घेतलं, दोन मुठी तांदूळ त्यात ओढले आणि खडे वेचत बसले. लशीचं नाव काढलं नाही. बऱ्याच वेळानं विचारलं, "आज्जी, ह्याच्या आधी ह्या घरात कुणाला सुई दिलती?"

तिचे हात थांबले. धाकट्या लेकीला दिली होती म्हणाली. आषाढ होता, नवरा कामाला गोव्यात. ओढ्याला पाणी चढून साकव बुडालेला. पोरीचं अंग भाजत होतं. "पदर भिजवून कपाळावर ठेवत बसलो रातभर. सकाळ झाली, दुपार झाली. कोणबी आलं न्हाई गं."

ती लेक धडधाकट आहे. तिची मुलंसुद्धा आता मोठी झालीत. म्हणजे सुईनं पोरीचं काही बिघडलं नव्हतं, आणि आज्जीला ते ठाऊक होतं. तिच्या मनात रुतून बसलं होतं ते शेवटचं वाक्य. मी दोन्ही वेळा तापावर बोलत होते आणि तिचं दुखणं एकटेपणाचं होतं.

मग मी एवढंच म्हणाले, "डोस झाला की त्या सांजेला मी येते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळीबी येते." ती काही बोलली नाही, पण सून बाळाला घेऊन आली. संध्याकाळी पाऊस होता तरी गेले. बाळाला कणकण होती. सिस्टरनं सांगितलं होतं तेवढंच औषध टोपणानं मोजून पाजलं आणि आज्जीशेजारी बसले. सकाळी परत गेले, तेव्हा बाळ हसत होतं. साडेतीन महिन्यांच्या डोसाला आज्जी स्वतः आली. आल्याआल्या एकच प्रश्न, "सांजच्याला येतीस नव्हं?"

हे घर झाल्यावर माझी विचारायची पद्धत बदलली. ‘का’ विचारायचं मी सोडून दिलं. ‘का नको?’ असं विचारलं की माणूस कारण शोधून देतो, आणि एकदा तोंडातून निघालं की तेच धरून बसतो. कधी झालं, घरात कोण होतं, पाऊस होता का, आधी काय दिसलं, मग काय केलं, असं विचारा. अशा प्रश्नांनी बाई त्या दिवसात परत जाते. घडलेलं काय आणि त्यावरून ठरवलेलं काय, हे तिचं तिलाच वेगळं दिसायला लागतं. तुम्ही ते दाखवायला गेलात तर मात्र बिनसतं.

वेळ निवडताना हात कामात असतील अशी निवडा. तांदूळ निवडणं, शेंगा फोडणं, काजू सोलणं. समोरासमोर बसून डोळ्यांत बघत कुणी जुनं बोलत नाही. आणि तिचे शब्द बदलू नका. ती "अंगावर आलं" म्हणाली तर तुम्हीही तेच म्हणा, त्याऐवजी ‘ताप’ म्हणू नका.

आणखी एक प्रश्न न विसरता विचारायचा: हे तुमच्या घरात घडलं की ऐकलं? २०१७ च्या फेब्रुवारीत कर्नाटकात गोवर-रुबेलाची मोहीम झाली, ९ महिन्यांपासून १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना लस द्यायची होती. तेव्हा व्हॉट्सॲपवर काय काय फिरत होतं! आया घाबरून यायच्या, आणि कुठल्या गावात, कुणाच्या पोराला, असं विचारलं की नाव निघायचं नाही. ऐकलेली भीती अशी दोन-चार प्रश्नांत सैल होते. भोगलेली होत नाही, तिला नवा अनुभवच लागतो, आणि तो शेजारणीकडून मिळाला तर सगळ्यात बरं. बीसीजीच्या, म्हणजे क्षयाच्या लशीच्या, जागी काही आठवड्यांनी फोड येतो, तेव्हा मी बोलत बसत नसे. ज्या बाळाच्या दंडावर नुसता वण उरलाय त्याच्या आईलाच घेऊन जात असे.

मात्र प्रत्येक अनुभव खोडून काढायचा नसतो. सुईनंतर बाळाला झटके आले, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला असं कुणी सांगितलं, तर समजावणं तिथंच थांबवा आणि सिस्टरला, डॉक्टरांना कळवा. पुढच्या डोसाचं डॉक्टर ठरवतील. अशा वेळी त्या आईचं घाबरणं बरोबर असतं.

आता स्वतःचं. माझी मुलगी धारवाडला मानसशास्त्र शिकत होती. तिनं सांगितलं, ट्वेर्स्की आणि काहनेमन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलंय, की जे चटकन आठवतं ते वारंवार घडत असेल असं माणसाला वाटतं. ऐकलं आणि मला एक खिडकी आठवली. एका कार्यालयात माझा अर्ज मराठीत आहे म्हणून अंगावर परत फेकला होता. तेव्हापासून माझं ठरलं होतं, कन्नड माणूस आपलं ऐकणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचा मराठी बोलणारा भाग तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आताच्या कर्नाटक राज्यात गेला. इथल्या घरांत कागदाचे असे अनुभव आजीकडून नातीकडं येतात, मग एक फेकलेला अर्ज शंभर अर्जांएवढा होतो.

मुलीच्या सांगण्यावरून मी दुरेघी वही घेतली. डावीकडं काय घडलं, उजवीकडं मी काय ठरवलं. खिडकीची ओळ एकच झाली. पण बैलहोंगलकडच्या आमच्या सुपरवायझर मॅडम आठवल्या. साडेपाचनंतर थांबून मला रजिस्टरापुरती कन्नड अक्षरं गिरवायला लावत. त्यांच्या ओळी लिहिता लिहिता पान भरलं. अर्ज फेकणं चूकच होतं आणि मराठीत कागद मिळावा ही मागणी मी आजही करते. उजव्या बाजूचं वाक्य मात्र खोडलं.

तुम्हीही वही ठेवा. रोज लिहायची गरज नाही, ज्या दिवशी कुणाबद्दल काही पक्कं ठरवाल त्या दिवशी लिहा. सहा महिन्यांनी उजवी बाजू झाकून फक्त डावी वाचा.

आणि सांजेला येते म्हटलं असेल तर जाच. चुकलात तर त्या घरात ‘कोणबी आलं न्हाई’ दुसऱ्यांदा घडतं, आणि मग तुमच्यामागून येणाऱ्या मुलीला कुणी आत घेत नाही. अंधार पडायच्या आत निघा, पावसाळ्यात छत्रीबरोबर बॅटरी घ्या, ओढ्याला पाणी असेल तर आधीच फोन करा. आणि अंगणातूनच हाक मारा, म्हणजे आतल्या माणसाला पहिल्यांदा आवाज कळतो की कोण आलंय.