पोर्तोला तीन दिवस: आधी चढाचा हिशोब करा

पोर्तुगालमधल्या पोर्तोला जायचं म्हटल्यावर आपण पुणेकर पहिलं काय करतो, तर एक्सेल शीट उघडतो. मीही उघडली होती, २७ ठिकाणं, प्रत्येकापुढे वेळ, तिकीट, बघायलाच हवं की राहिलं तरी चालेल असा रकाना सुद्धा. फक्त एक रकाना विसरले, तो म्हणजे चढ. डोरू नदीच्या काठावर उभ्या टेकडीवर वसलेलं गाव आहे हे, मॅपवर ४०० मीटर दिसतात आणि प्रत्यक्षात पर्वती चढल्यासारखं होतं, आणि बरोबर सासूबाई, त्यांचा गुडघा. म्हणून हे लिहितेय.

आधी व्हिसा. शेंगेन लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो, मोठ्यांची फी ९० युरो, शिवाय सर्व्हिस चार्ज वेगळा. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून पंधरा दिवसांपर्यंत अर्ज करता येतो पण पंधरा दिवसांवर आणून ठेवू नका, उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाहीत. इन्शुरन्स किमान ३०,००० युरो कव्हरचा हवा. बँक स्टेटमेंट आणि लीव्ह लेटर आधीपासून गोळा करायला घ्या, एचआरला लेटरसाठी चार वेळा आठवण करावी लागते हे काय सांगायचं.

विमान मुंबईहून, मध्ये कुठेतरी बदलून. इस्तंबूलहून थेट पोर्तोला जाता येतं. आम्ही लिस्बनला उतरलो, दोन दिवस तिथे राहिलो आणि ट्रेनने पोर्तोला गेलो, साधारण तीन तास लागतात, आणि येताना पोर्तोहूनच परत, म्हणजे उलटं लिस्बनला यायचा दिवस वाचला. तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. लांबच्या गाड्या कांपान्या स्टेशनला थांबतात, तिथून लोकलने पाच मिनिटांत साओ बेंतू, हे गावाच्या मध्यातलं स्टेशन. विमानतळावर उतरलात तर जांभळी मेट्रो आहे, अर्ध्या तासात त्रिंदादे, हे गावातलं मुख्य मेट्रो स्टेशन. मेट्रोला गेट नसतात, त्यामुळे आंदांते कार्ड, म्हणजे मेट्रोचं तिकीट, मशीनला लावायचं राहून जातं, आणि चेकर आला की दंड. लाइन बदलताना सुद्धा परत लावायचं, हे लक्षात ठेवा.

कधी जायचं? मे, जून किंवा सप्टेंबर. हिवाळ्यात अटलांटिकचा पाऊस असतो, गार आणि चिकट. २३ जूनच्या रात्री साओ जोआंवचा उत्सव असतो, लोक एकमेकांच्या डोक्यावर प्लॅस्टिकचे हातोडे मारत फिरतात, रस्त्यावर सार्डिन भाजतात, मजा आहे, पण हॉटेलं खूप आधी भरतात.

राहायचं कुठे, इथे मी गाढवपणा केला. फोटोत बाल्कनीतून नदी दिसत होती म्हणून रिबेराच्या, म्हणजे नदीकाठच्या जुन्या भागाच्या, वर एक अपार्टमेंट घेतलं. टॅक्सी खालीच थांबली, पुढे ८० पायऱ्या. दगडी फरशीवर बॅगेची चाकं अशी खडखडली की शेजारची एक आजी खिडकीतून बघायला आली, आणि सासूबाई मध्येच बसून म्हणाल्या, "अगं, सिंहगडाला तरी दही मिळतं." म्हणून सांगते, त्रिंदादे किंवा बोल्यांव मार्केटच्या आसपास राहा, वरचं सपाट गाव आहे, मेट्रो जवळ. नदी बघायला जायचं, नदीवर झोपायची गरज नाही.

आता मुख्य गोष्ट, पहिल्या दिवसाचा रस्ता. वरून सुरू करायचं आणि उतरत जायचं. सकाळी कार्मू चर्चपाशी जा, त्याची बाजूची अख्खी भिंत निळ्या-पांढऱ्या टाइल्सची आहे, आझुलेजू म्हणतात. तिथून दोन मिनिटांवर लेल्यू, १९०६ चं पुस्तकांचं दुकान, आत जायला तिकीट लागतं आणि पुस्तक घेतलं तर ते पैसे वळते होतात. सकाळचा पहिला स्लॉट ऑनलाइन घ्या, अकरानंतर आत अप्पा बळवंत चौक होतो, जून महिन्यातला. मग क्लेरिगुश टॉवर, २२५ पायऱ्या, म्हणजे दोन पर्वती आणि वर थोडं. गुडघा असेल तर खाली कॉफी प्या, काही बिघडत नाही. (एस्प्रेसोला इथे सिंबालीनू म्हणायची जुनी सवय आहे, आपल्यासारखी दुधाची हवी असेल तर 'मेया द लैत' मागा.)

तिथून उतार साओ बेंतूपर्यंत. हे चालू स्टेशन आहे, तिकीट नाही, दारातून आत जा आणि मान वर करा. सुमारे २०,००० टाइल्सवर लढाया, मिरवणुका, शेतं, सगळं जोर्जे कोलासू या चित्रकाराने रंगवलेलं, आणि खाली लोक लोकल पकडायला पळतायत. मला सगळ्या पोर्तोत हीच जागा सगळ्यात आवडली. एक टाइल जवळून बघा, ब्रशचा फटकारा दिसतो, निळा कुठे घट्ट कुठे पातळ.

पुढे थोडा चढ, कॅथेड्रल, आणि तिथून सपाट जाऊन दों लुईश पुलाचा वरचा मजला. १८८६ चा लोखंडी पूल, डिझाइन तेओफिल सेरिगचं, हा पूर्वी आयफेलचा (तोच, टॉवरवाला) भागीदार होता, त्यामुळे लोक सरसकट आयफेलचा पूल म्हणतात, पण आयफेलच्या कंपनीचा तो पलीकडचा मारिया पिया, १८७७ चा. वरून मेट्रो जाते आणि शेजारून आपण. पलीकडच्या काठावर गाया, हे वेगळं गाव. तिथे बागेत बसा, मग केबल कारने खाली.

गायाला पोर्ट वाइनची गोदामं आहेत. पोर्टमध्ये आंबवणं अर्ध्यावर असतानाच ब्रँडी घालतात, त्यामुळे साखर उरते आणि वाइन गोड लागते. तळघराची टूर घ्या, न पिणाऱ्यांना सुद्धा ती थंडगार, लाकडाचा वास असलेली जागा आवडते. संध्याकाळी पुलाच्या खालच्या मजल्यावरून रिबेराला या आणि परत वर जायला गिंदाइश फ्युनिक्युलर, म्हणजे दोरावर ओढली जाणारी चढाची छोटी रेल्वे. कॅथेड्रलचा थोडा सोडला तर चढ करायचाच नाही, हीच तर गंमत.

दुसरा दिवस ढिला ठेवा. साओ फ्रान्सिश्कू चर्च बाहेरून साधं, आत लाकडावर सोनं, डोळे दिपतात. शेजारून १ नंबरची जुनी ट्राम नदीकाठाने समुद्रापर्यंत जाते. दुपारी काहीच करू नका.

तिसऱ्या दिवशी डोरू खोऱ्यात पिन्यांवला ट्रेन, साधारण अडीच तास. जाताना उजवीकडची खिडकी पकडा, नदी त्याच बाजूला येते. डावीकडे बसलात तर नदी दुसऱ्यांच्या डोक्यांमधून बघाल. पिन्यांव स्टेशनवर पण टाइल्स आहेत, द्राक्षतोडणीच्या.

खाण्याचं म्हणजे, फ्रान्सेझिन्या हे गावचं प्रसिद्ध सँडविच, आत तीन-चार प्रकारचं मांस, वर चीज आणि सॉस. शाकाहारी मिळतं पण विचारून. काल्दू वेर्द सूप दिसायला हिरवं, पण त्यात सॉसेजचा तुकडा असतोच, म्हणून "सें कार्न, सें पैश" पाठ करा, मांस नाही, मासे नाही. टेबलावर न मागता पाव आणि ऑलिव्ह येतात, ते फुकट नाहीत, नको असेल तर परत करा. पाव मागायला शब्द शोधायला नको, पांव म्हणा, आपला पाव तिथूनच आलाय, आणि बटाट्याला ते बताताच म्हणतात. सासूबाईंनी तेवढ्यावर बोल्यांव मार्केटमध्ये भाजीवालीशी दहा मिनिटं गप्पा मारल्या, दोघी आपापल्या भाषेत. मार्केट रविवारी बंद असतं, तेवढं बघून जा.