लग्नाला जाताना पेट्यांचं पाणी कुणाच्या हवाली?

एप्रिल-मेमध्ये मधमाशा पाळणाऱ्यांचे मला येणारे फोन एकाच सुरातले असतात. "भाऊ, माशा उडून गेल्या." मी विचारतो, पाणी शेवटचं कधी भरलं? पलीकडं जरा वेळ कुणी बोलत नाही. मग हळूच येतं, "चार दिवस लग्नाला गेलो होतो ना."

गेल्या उन्हाळ्यात बालाघाटाच्या पायथ्याला एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर गेलो. सहा पेट्या विहिरीच्या काठावर, उघड्या कातळावर मांडलेल्या. विहिरीनं तळ गाठलेला. एका पेटीचं झाकण काढलं तर नवं पोळं मधासकट वाकून खाली टेकलेलं, दारासमोर ओढून टाकलेल्या पांढऱ्या अळ्या आणि त्यांना लागलेली मुंग्यांची रांग. माशांच्या पाण्याचं घमेलं खडखडीत कोरडं. माशा होत्या कुठं, तर शेजारच्या मोसंबीत, फवारणीच्या ड्रमाच्या काठावर.

आपली जमीन लाव्ह्याची. वर काळी माती, मग मुरूम, खाली काळा पाषाण. पाणी त्याच्या भेगांत असेल तेवढंच, म्हणून मार्चमध्येच विहिरी आटायला लागतात. आणि हाच कातळ दिवसभर तापून रात्रीच्या जेवणवेळेपर्यंत धग सोडत राहतो. पेटीतल्या पिलाव्याला, म्हणजे अंडी-अळ्यांना, लागतं 34-35 अंश. बाहेर पारा 42-43 वर गेला की माशा पाण्याचे थेंब आणून पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. तोच त्यांचा कूलर. भर उन्हात भरलेली पेटी दिवसाला लिटरभर पाणीही ओढते. पाणी तुटलं की आधी पिलावा मरतो, आणि सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी, तर सरळ पोळं सोडून निघते.

पाणी शिवरात्रीपासूनच ठेवा. माशीला एकदा पाणवठ्याची सवय लागली की ती सहजी सुटत नाही. तुम्ही उशीर केलात तर ती शेजाऱ्याचा ड्रम, गोठ्यातला हौद नाहीतर शाळेचा नळ धरते, आणि मग गावाची बोलणी तुम्हाला.

महागडं काही लागत नाही. जुन्या माठाच्या बुडाला बारीक भोक पाडा, सुतळीची वात घाला, खाली घमेल्यात मुरमाचे खडे आणि त्यावर गोणपाट. माशी ओल्या गोणपाटावर बसून पिते, बुडत नाही. जागा सावलीतली, पेट्यांपासून पंधरा-वीस फुटांवर. माशांच्या येण्याजाण्याच्या वाटेखाली नको, विष्ठा पाण्यात पडते. मी घमेल्यात चिमूटभर मीठ टाकतो. विद्यापीठाची शिफारस नव्हे, माझा अनुभव. माशा त्या घमेल्यावर लवकर जमतात.

आणि गावाला जायचं असेल तर माठाची जबाबदारी नाव घेऊन एकाला द्या. "बघ रे जरा" म्हणून गेलात तर कुणीच बघत नाही. घरातलं दहा-बारा वर्षांचं लेकरू हे काम सालगड्यापेक्षा चोख करतं.

बाकीची कामं:
- पेट्या कातळावरून हलवा, झाडाखाली किंवा तुराट्यांच्या मांडवात.
- स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी.
- दर 8-10 दिवसांनी तपासणी, सकाळी 8 च्या आत.
- माशा न बसलेली पोळी काढून घ्या, मेणकिडा तिथंच लागतो.
- चारा, म्हणजे माशांना फुलोरा नसेल तर 1 किलो साखर, 1 लिटर पाणी. उकळून गार केलेला पाक, सांजच्याला, सगळ्या पेट्यांना एकदमच. गूळ नको, हगवण लागते.
- शेवटचा मध काढू नका. करंज-कडुनिंबाचा असला तरी.

दुकानात या दिवसांत "माशांचं टॉनिक" हटकून पुढं सरकवतात. मागं मीही दोन बाटल्या आणल्या. एक अजून आखाड्यावर धूळ खातेय. माशा तहानलेल्या असताना टॉनिक काय करणार? माइटसाठी, म्हणजे माशांना लागणाऱ्या बारीक कोळी किडीसाठी, फॉर्मिक आम्लही गळ्यात मारतात. 85 टक्क्यांचं, पेटीला रोज 5 मिली, हा डोस कागदावर बरोबर आहे. पण चाळीस अंशांत ते एकदम उडतं आणि पिलावा नि राणी दोन्ही जातात. आत्ता ते नकोच. माइट दिसलीच तर गंधकाची भुकटी, चौकटीला 200 मिलिग्रॅम, फक्त वरच्या पट्टीवर.

संध्याकाळी दारासमोर माशांची दाढी लोंबताना दिसली की पेटी तापली असं समजा. झाकणावर ओलं गोणपाट टाका, आणि आधी माठ बघा.

रोहिण्यांत वावधान, म्हणजे वादळी वारं सुटतं. झाकणावर दगड ठेवून भागत नाही, सुतळीनं स्टँडला आवळून बांधा.

मृगाचा पहिला पाऊस झाला म्हणून घमेलं उचलू नका. तेव्हा डबक्यात साचतं ते तणनाशकाचं पाणी. ओढा वाहता होऊ द्या, मग उचला.